घरी बांधलेल्या शर्यतीच्या गाडीसाठी जुनी चाके आणि सुटे भाग : कोकण किनाऱ्यावरील नवख्यांसाठी मार्गदर्शन

घरच्या मांगरात किंवा पडवीत शर्यतीची गाडी बांधायला घेणारी तरुण मंडळी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा इंजिनाचा असतो. मी त्यांना चाकापासून सुरुवात करायला सांगतो. चाकाचा व्यास ठरला की टायर ठरतो आणि आत केवढा ब्रेक मावेल हेही ठरते. चाकाचा ऑफसेट, म्हणजे चाकाची हबला टेकणारी जागा त्याच्या रुंदीच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते अंतर, ठरला की हब (चाक ज्यावर आवळले जाते तो मधला भाग) कुठे येणार आणि सस्पेन्शनचे हात किती लांबीचे लागणार हे कागदावर मांडता येते. इंजिन पुढच्या वर्षी बदलता येते, पण चाक बदलायचे म्हटले तर अर्धी गाडी पुन्हा कापावी लागते. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे हलके ओतीव चाक आणि कोकणातली खारी हवा यांचे मुळीच जमत नाही, आणि ते वैर वेळीच ओळखले नाही तर पैसा तर जातोच, जीवही धोक्यात येतो.

साध्या गाड्यांच्या भागांतून शर्यतीची गाडी उभी करण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी १९४६ साली फियाट टोपोलिनोचे पुढचे दोन भाग पाठीला पाठ लावून जोडले, मागे जॅप कंपनीचे ५०० सीसीचे मोटरसायकलचे इंजिन बसवले आणि त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला. पुढे लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमन यांनी १९४८ साली आपली पहिली गाडी जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधली होती. आपल्या देशात मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतींमध्ये फियाट, हेराल्ड आणि घरी बांधलेल्या गाड्या धावल्या. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चे इंजिन घालून एका आसनाची फॉर्म्युला मारुती घडवली, आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या सर्वांना जवळ मिळेल ते वापरावे लागले, पण त्यांनी ते मोजून, तपासून वापरले. पुढे जे सांगतो आहे त्याचा रोख त्या मोजण्यावर आणि तपासण्यावर आहे.

पहिली पायरी : हातातले चाक कशाचे आहे ते ओळखा

जुनी चाके साधारण चार प्रकारची मिळतात. गॅरेजमध्ये ज्याला आपण डिस्क म्हणतो ते दाबीव पोलादाचे चाक सर्वांत स्वस्त, सर्वांत जड आणि नवख्यासाठी सर्वांत सुरक्षित असते, कारण पोलाद तुटण्याआधी वाकते आणि वाकलेले डोळ्यांना दिसते. पद्मिनी, हेराल्ड, मारुती ८०० आणि जीप या गाड्यांच्या डिस्क अजूनही भंगारात सापडतात. पहिल्या गाडीसाठी मी कोणालाही पोलादी डिस्कच घ्यायला सांगेन.

दुसरा प्रकार तारांच्या चाकांचा. मिलानच्या बोरानी कारखान्याने १९२२ पासून रज-व्हिटवर्थच्या परवान्याने अशी चाके बनवली, आणि इंग्लिश स्पोर्ट्स गाड्यांवर डनलॉपची तारांची चाके असत. दिसायला यांच्यासारखे देखणे काही नाही. मात्र तारांची टोके रिमच्या आरपार जात असल्यामुळे त्यांना ट्यूब आणि आत रबरी पट्टी लागते, तारा वरचेवर ताणून घ्याव्या लागतात, आणि खाऱ्या हवेत तारेच्या मानेशी गंज धरतो तो बाहेरून दिसत नाही. हे चाक दातेरी हबवर बसते आणि मधल्या एकाच मोठ्या कानवाल्या नटाने आवळले जाते. गाडीच्या डाव्या बाजूला त्या नटाचे आटे सुलटे आणि उजव्या बाजूला उलटे असतात, म्हणजे गाडी पुढे जाताना नट सैल न होता घट्ट होण्याकडे राहतो. असा हबांचा संच विकत घेताना डावे-उजवे नीट पाहून घ्यावे, कारण दोन्ही हब एकाच बाजूचे गळ्यात पडले तर धावत्या गाडीचे चाक सुटू शकते.

तिसरा प्रकार ओतीव ॲल्युमिनियमचा आणि चौथा ओतीव मॅग्नेशियमचा. आपल्याकडे बाजारात या दोघांनाही सरसकट मॅग व्हील म्हणतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. एका घन सेंटिमीटरला पोलादाचे वजन ७.८५ ग्रॅम, ॲल्युमिनियमचे २.७ आणि मॅग्नेशियमचे अवघे १.७४ ग्रॅम भरते. युद्धानंतर अमेरिकेत हॅलिब्रँडची मॅग्नेशियम चाके इंडियानापोलिसच्या गाड्यांवर आली, लोटसची नागमोडी पत्र्यासारखी दिसणारी ओतीव चाके १९५७ साली आली, आणि मिनी गाडीसाठी आठ आऱ्यांचे मिनिलाइट चाक १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आले ते या वजनामुळेच. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. ते जितके कमी, तितके टायर खडबडीत रस्त्याला धरून राहते.

मिनिलाइटसारखी दिसणारी बहुसंख्य चाके नंतरच्या काळातली आणि ॲल्युमिनियमची आहेत, त्यामुळे विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता स्वतः परीक्षा करावी. चाकाच्या आतल्या बाजूला, स्टडच्या (चाक हबला आवळणाऱ्या आटेदार दांड्यांच्या) भोकांपासून दूर, नखाएवढ्या जागेवरचा रंग कानशीने हलकेच खरवडावा आणि उघड्या धातूवर व्हिनेगारचा एक थेंब टाकावा. लगेच बारीक बुडबुडे उठले तर धातू मॅग्नेशियम. थेंब गप्प राहिला तर ॲल्युमिनियम. मग ती जागा गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून प्रायमरने झाकावी. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, पण पुढचा सगळा व्यवहार तिच्यावर ठरतो. खरवडताना पडलेला मॅग्नेशियमचा कीस वेल्डिंगच्या ठिणगीजवळ राहू देऊ नये. तो पेटला तर पाणी ओतल्याने आग अधिक भडकते. अशा आगीवर पूर्ण कोरडी वाळूच घालावी लागते, आणि आपल्या किनाऱ्यावरची ओलसर पुळण त्या कामाची नाही.

दुसरी पायरी : मोजमाप

चाकाच्या पाठीवर बहुधा माप ओतलेले किंवा ठोकलेले असते. १३ × ५.५ जे याचा अर्थ टायर जिथे बसतो त्या जागेचा व्यास १३ इंच, दोन कडांमधली आतली रुंदी साडेपाच इंच आणि कडेचा आकार जे प्रकारचा. यावरून चाक टायरला चालेल का ते कळते, गाडीला चालेल का ते कळत नाही. त्यासाठी चार मापे स्वतः घ्यावी लागतात.

पहिले माप पीसीडीचे, म्हणजे स्टडची भोके ज्या वर्तुळावर आहेत त्याच्या व्यासाचे. चार भोके असतील तर एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत व्हर्नियर लावावा. भोकांचा मध्य शोधत बसावे लागत नाही. पाच भोके असतील तर समोरासमोर भोक नसते, म्हणून शेजारच्या दोन भोकांमधले मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर घेऊन त्याला १.७०१ ने गुणावे. जीपचे किंवा जिप्सीचे चाक घेतले तर हे अंतर सुमारे ८२.१ मिलिमीटर येते आणि गुणाकार १३९.७ येतो.

काही आकडे पाठ असावेत. मारुती ८०० चा पीसीडी ११४.३, सँट्रो आणि होंडा सिटी यांचा १००, फियाट उनो आणि पॅलिओ यांचा ९८, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा १०८, ट्रायम्फ हेराल्डचा ९५.२५ आणि मूळ मिनीचा १०१.६ मिलिमीटर, हे सगळे चार स्टडचे. यात ९८ आणि १०० ही जोडी फार घातक आहे. शंभरच्या पीसीडीचे चाक अठ्ठ्याण्णवच्या हबवर थोडी जबरदस्ती केली की बसल्यासारखे दिसते आणि चारही बोल्ट आवळलेही जातात, पण चाक मध्यावर येत नाही, बोल्ट तिरपे ओढले जातात आणि प्रत्येक फेऱ्याला वाकत राहून शेवटी मानेत तुटतात. ‘बसते आहे ना’ हा निकष चाकाच्या बाबतीत अजिबात चालत नाही.

दुसरे माप मधल्या भोकाचे. ते हबच्या उंचवट्यावर नेमके बसत असेल तर चाक आपोआप मध्यावर येते. भोक मोठे असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा आपल्या मिरजोळे एमआयडीसीत चांगल्या टर्नरकडून ॲल्युमिनियमची रिंग करून घ्यावी. भोक लहान असेल तर ते लेथवर वाढवण्यापूर्वी त्याच्या भोवती किती धातू उरणार हे पाहावे, आणि स्टडच्या भोकांपर्यंतची भिंत पातळ होत असेल तर त्या चाकाचा नाद सोडावा.

तिसरे माप ऑफसेटचे. चाक पालथे ठेवावे, मागच्या कडांवर सरळ पट्टी आडवी टाकावी आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजावी. समजा ती ९५ मिलिमीटर आली. साडेपाच इंची चाकाची आतली रुंदी १३९.७ मिलिमीटर, दोन्ही कडांची जाडी मिळून साधारण २५ मिलिमीटर धरले तर बाहेरची रुंदी १६५ च्या आसपास, आणि तिचे अर्धे ८२.५. पंच्याण्णवातून ते वजा केले की अधिक १२.५ हा ऑफसेट मिळाला. मारुतीसारख्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीचा ऑफसेट मोठा आणि अधिक असतो. जुन्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांचा शून्याच्या जवळ असतो. मारुतीच्या हबवर जुने रुंद चाक लावले तर ते बाहेर झेपावते, बेअरिंगवरचा भार वाढतो आणि स्टिअरिंगला झटके बसतात. हबची जागा आपणच ठरवणार असू तर हे सगळे आधीच जुळवून घेता येते, आणि घरी गाडी बांधण्याचा मोठा फायदा मला हाच वाटतो.

चौथे माप नटाच्या बैठकीचे, आणि नेमके तेच बहुतेक जण घेत नाहीत. काही चाकांत नट ६० अंशांच्या शंकूवर बसतो, काहींत गोलाकार वाटीत, तर काहींत नटाची सरळ नळी भोकात जाते आणि खाली सपाट वायसर असतो. शंकूचा नट वाटीत आवळला तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो. हाताला घट्ट लागतो आणि दोन फेऱ्यांत सैल होतो. जुने फिटर शेंदूर तेलात कालवून नटाच्या तोंडाला लावत, नट आवळून सोडत आणि भोकात खूण कशी उमटली ते पाहत. शेंदरात शिसे असते, म्हणून आता त्याऐवजी निळा मार्किंग रंग वापरावा, पण रीत तीच. बैठकीवर सर्व बाजूंनी रुंद पट्टा उमटला तर जोडी बरोबर. बारीक रेघ उमटली तर नट बदलावेत.

तिसरी पायरी : कुठे शोधावे

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता आणि चोरबाजार ही जुन्या भागांची नेहमीची ठिकाणे आहेत. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात ती टॅक्सी रस्त्यावरून गेली, आणि तिच्या डिस्क, हब, पुढचे सस्पेन्शन व गिअरबॉक्स भंगारात येऊन पडले. आपल्या गावांतूनही शोध घ्यावा. चाकरमान्यांनी निवृत्तीनंतर गावी आणून ठेवलेल्या गाड्या अजून कित्येक घरांच्या मागे झावळ्यांखाली उभ्या आहेत. अशा घरी जाताना गाडी भंगार आहे असे बोलू नये. त्या कुटुंबाच्या दृष्टीने ती वडिलांची किंवा काकांची गाडी असते. अख्खी गाडी कागदपत्रांसह घेतली तर पाच जुळणाऱ्या डिस्क, जुळणारे हब आणि मूळ नट एकत्र मिळतात, आणि सुटे सुटे जमवण्यापेक्षा हा व्यवहार नेहमीच सरस ठरतो.

जुने चाक वितळवून किंवा साचा घेऊन हुबेहूब नवे ओतून देतो, असे सांगणारे लोक भेटतील. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात ओतकामाचे उत्तम कारखाने आहेत आणि तिथल्या कामाबद्दल मला आदर आहे. पण चाकासाठी ठरावीक मिश्रधातू, ओतताना आत हवा न राहण्याची काळजी, नंतरची उष्णता-प्रक्रिया आणि क्ष-किरण तपासणी हे सगळे लागते. भंगारातले पिस्टन वितळवून वाळूच्या साच्यात ओतलेले चाक भिंतीवर टांगायला ठीक आहे, गाडीला लावायला नव्हे.

चौथी पायरी : तड्यांची तपासणी

माझा सर्वांत जास्त आग्रह इथे आहे. ओतीव चाक वाकत नाही, ते तडकते. आणि तडा रंगाखाली वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. त्यामुळे नुकतेच पावडर कोटिंग केलेले चकचकीत चाक मी घेत नाही. त्या भट्टीचे तापमान २०० अंशांच्या आसपास असते. तेवढ्या उष्णतेने काही मिश्रधातूंची ताकद उतरते, आणि वरच्या जाड थराखाली सगळे झाकले जाते.

चाक आधी कोमट पाण्याने आणि साबणाने धुवावे. रंग रासायनिक रिमूव्हरने काढावा. वाळूचा जोरदार मारा टाळावा, कारण त्याने धातूचा वरचा थर चेपला जाऊन तड्याचे तोंड बुजते. मॅग्नेशियम असेल तर रिमूव्हर त्या धातूला चालतो का, हे डब्यावर वाचून घ्यावे. मग चाक हवेत टांगून हातोडीची लाकडी मूठ हलकेच मारावी. अखंड चाक घंटेसारखे लांबवर वाजते, तडकलेले भद्द वाजते. एवढ्यावर विसंबू नये, पण पहिला इशारा मिळतो.

खरी तपासणी डीपी टेस्टची, म्हणजे तड्यात रंग शिरवून तडा दाखवणाऱ्या डाय पेनिट्रंट चाचणीची. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांसाठी टाक्या बनवणारे फॅब्रिकेटर वेल्डिंग तपासायला रोज हीच रीत वापरतात, आणि क्लीनर, तांबडा पेनिट्रंट व पांढरा डेव्हलपर हे तीन डबे विकतही मिळतात. चाक उन्हात तापवून पूर्ण कोरडे करावे. आपल्या दमट हवेत ही गोष्ट विसरू नये, कारण तड्यात पाणी असेल तर रंग आत शिरत नाही. क्लीनरने पुसून तांबडा रंग फवारावा आणि १५ मिनिटे राहू द्यावा. नंतर क्लीनर कापडावर घेऊन पृष्ठभाग पुसावा. क्लीनर थेट चाकावर फवारला तर तड्यातला रंगही धुऊन निघतो. शेवटी पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ हात द्यावा आणि थांबावे.

गेल्या उन्हाळ्यात एका मुलाने मुंबईच्या एका दुकानातून आठ आऱ्यांची चार चाके आणली. दुकानदाराने चारही अखंड असल्याची खात्री दिली होती आणि डोळ्यांना ती अखंडच दिसत होती. आम्ही ती खळ्यात सुपाऱ्या वाळत घालतात तशी ओळीने मांडली आणि डेव्हलपर मारला. पहिली तीन चाके पांढरी शुभ्र राहिली. चौथ्यावर दोन-तीन मिनिटांनी स्टडच्या एका भोकाच्या कडेला मोहरीएवढा तांबडा ठिपका आला, आणि बघता बघता तो आऱ्याच्या मुळाकडे रेघ होऊन सरकत गेला. दहाव्या मिनिटाला रेघ पट्टीने मोजली तेव्हा ती ९ मिलिमीटर भरली. नखाने चाचपली तरी तिथे काही लागत नव्हते. ते चाक त्याच दिवशी करवतीने कापले, म्हणजे पुढे कोणाच्या हाती लागून गाडीला लागणार नाही. तडकलेले चाक विकायचे नाही, कोणाला द्यायचे नाही आणि वेल्डिंगने सांधायचे तर नाहीच, हा नियम मी कोणासाठीही सैल करत नाही.

स्टडच्या भोकांभोवती, आऱ्यांच्या मुळाशी आणि टायर बसतो त्या कडेच्या आत विशेष लक्ष द्यावे. पोलादी डिस्कमध्ये मधली ताटली रिमला जिथे वेल्ड केलेली असते ती जागा आणि हवेच्या भोकांचे कोपरे पाहावेत. मॅग्नेशियमचे चाक शर्यतीत वापरायचेच असेल तर डीपी टेस्ट पुरेशी नाही. आतली पोकळी पृष्ठभागावर येत नाही, म्हणून क्ष-किरण तपासणीही करून घ्यावी. तेवढा खर्च झेपत नसेल तर ते चाक वापरू नये.

चाक किती डुलते तेही पाहावे. ते हबवर बसवून डायल गेज रिमच्या कडेला लावावा आणि सावकाश फिरवावे. आडवे किंवा उभे डुलणे एका मिलिमीटरच्या आत हवे. जुन्या पोलादी डिस्कला मी दीडपर्यंत सूट देतो. डायल गेज नसेल तर जॅकस्टँडला बांधलेली टोकदार तारही काम देते.

पाचवी पायरी : खाऱ्या हवेपासून राखण

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ओढून ठेवलेल्या ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताच्या वड्या बसवलेल्या दिसतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांतला जास्त क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. बोटीचा पंखा आणि पोलाद वाचावे म्हणून जस्त मुद्दाम झिजू दिले जाते. बोटीत जस्त जे करते तेच चाकात मॅग्नेशियम करते, कारण ते जस्तापेक्षाही अधिक क्रियाशील आहे. पोलादी स्टड, पोलादी हब आणि वर खाऱ्या दवाचा ओलावा असला की चाकाचा धातू स्टडभोवती पांढरी भुकटी होऊन गळू लागतो. ॲल्युमिनियमही झिजते, पण पुष्कळ सावकाश.

यावर उपाय म्हणजे दोन धातूंमध्ये ओलावा पोहोचू न देणे. मॅग्नेशियमचा कोणताही भाग उघडा ठेवू नये. क्रोमेटची प्रक्रिया आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर हा जुना, खात्रीचा थर आहे. हबच्या पृष्ठभागावर लॅनोलिनचा (लोकरीतून मिळणाऱ्या मेणाचा) पातळ लेप द्यावा. अनेक मेकॅनिक तिथे तांबे मिसळलेले ग्रीस लावतात, पण तांबे हा आणखी एक वेगळा धातू मध्ये आणतो, म्हणून हलक्या चाकांना ते लावू नये. टायर काढला की रिमच्या आतली बाजूही पाहावी, कारण दमट हवा भरली की आतूनही पांढरे धरते.

गाडी समुद्राच्या पुळणीवर कधीही नेऊ नये. फोटो छान येतात हे खरे, पण बेअरिंग, ब्रेक आणि चाकांत शिरलेले मीठ धुऊन पुरते निघत नाही. शिवाय वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालतात, तिथे गाडीचे काही काम नाही.

जून ते सप्टेंबर चाके गाडीवर ठेवू नयेत. ती काढून, गोड्या पाण्याने धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून माळ्यावर लाकडी फळ्यांवर आडवी ठेवावीत. जांभ्याची भिंत पावसात ओल धरते, म्हणून भिंतीला टेकवू नयेत. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले तर आत दव साचते. त्यापेक्षा जुन्या सुती धोतराचे कापड चांगले. माझ्या ओळखीच्या एका घरी दोन मॅग्नेशियम चाके मांगरात मिठाच्या पोत्याशेजारी तीन पावसाळे राहिली. काढली तेव्हा रंगाचा पापुद्रा जसाच्या तसा होता आणि बोट लावताच खालचा धातू चुन्यासारखा सुटला.

सहावी पायरी : स्टड आणि नट

चाके जुनी असली तरी स्टड आणि नट नवेच घ्यावेत. इथे काटकसर करू नये. मारुतीचे आटे १२ मिलिमीटर व्यासाचे आणि १.२५ पिचचे असतात. नट निदान स्टडच्या व्यासाइतका आत गेला पाहिजे. म्हणजे बारा मिलिमीटरच्या स्टडवर नऊ-दहा फेरे पूर्ण बसले पाहिजेत. ओतीव चाकाची बैठक पोलादी डिस्कपेक्षा जाड असल्याने मूळ स्टड बहुधा तोकडे पडतात आणि लांब स्टड ठोकावे लागतात. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, ही गोष्ट माहीत नसलेल्यांनी पाना चुकीच्या दिशेने मारून कित्येक स्टड तोडले आहेत.

नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने) आणि त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर आवळावेत. गंज नको म्हणून आट्यांना तेल लावले तर त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो, हे ध्यानात ठेवावे. स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती) लावणे भागच असेल तर तो हबवर नेमका बसणारा, एकसंध आणि लेथवर केलेला असावा. वायसरांची चवड कधीही लावू नये.

टायरविषयी आणि बाकीच्या भागांविषयी

जुन्या रिमला टायरची कड अडवणारा उंचवटा बहुधा नसतो, कारण ती ट्यूबच्या टायरसाठी केलेली असते. अशा रिमवर ट्यूबलेस टायर नुसते चढवले तर जोराच्या वळणावर कड आत घसरून हवा एकदम जाते. म्हणून रेडियलला चालणारी ट्यूब घालावी. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहावेत. २३१९ असे असेल तर ते टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातले. सहा वर्षांपेक्षा जुने टायर, नक्षी कितीही शाबूत असली तरी, शर्यतीला लावू नये. मारुतीचे १२ इंची आणि जुन्या छोट्या गाड्यांचे १३ इंची टायर अजून मिळतात. १० इंची चाकाच्या मोहात पडण्यापूर्वी टायर कुठून आणणार ते ठरवावे.

बाकीच्या जुन्या भागांना हीच शिस्त लागू आहे. हब, स्टब एक्सल आणि स्टिअरिंगचे हात पोलादाचे असल्याने त्यांची तपासणी चुंबकीय भुकटीने करून घ्यावी. बेअरिंग, ब्रेकचे रबर, ब्रेकच्या नळ्या आणि बॉल जॉइंट जुने वापरूच नयेत. कार्बोरेटर जुना चालतो. वेबर, सोलेक्स किंवा एसयू यांपैकी जो असेल तो उघडून पाहावा. आपल्याकडे बंद पडून राहिलेल्या कार्बोरेटरमध्ये पांढरी बुरशीसारखी झीज जेटच्या तोंडाशी हमखास सापडते, आणि थ्रॉटलच्या दांड्याची भोके झिजून हवा ओढत असतात. ती बुशिंग घालून दुरुस्त होतात. इंजिन म्हणून पहिल्या गाडीला मारुती ८०० चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्याचा प्रत्येक भाग तालुक्याच्या गावी मिळतो.

पहिल्यांदा चालवताना

घरी बांधलेली, नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि नोंदणी असलेल्या गाडीत मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे. त्यामुळे गाडी ट्रेलरवर किंवा टेम्पोतूनच न्यावी. शर्यतीत उतरण्यासाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेचा परवाना लागतो, आणि आयोजकांकडून गाडीची तपासणी होते. त्या वेळी डीपी टेस्टचे फोटो आणि मापांची वही सोबत असली तर बोलणे सोपे जाते.

पहिली चाचणी मालकाच्या परवानगीने एखाद्या बंद आवारात, पायी चालण्याच्या वेगापासून सुरू करावी. नट आवळल्यावर प्रत्येक नटावरून चाकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढावी. दहा मिनिटे चालवून थांबावे. रेघ तुटून दोन्ही टोके सरकलेली दिसली तर तो नट फिरला आहे. चाक उतरवून त्याची बैठक पुन्हा रंग लावून पाहावी. रेघा शाबूत असतील तर चाके निवल्यावर टॉर्क पाना पुन्हा एकदा सगळ्या नटांवरून फिरवावा, कारण नवे रंगवलेले ओतीव चाक पहिल्या फेऱ्यांत बैठकीत थोडे दबते. मात्र चाके निवण्याआधी, थांबल्याबरोबरच, हात हबच्या मध्यावर ठेवून चारही बाजूंची उष्णता ताडून पाहावी. एखादा हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला लागला, तर ब्रेक धरतो आहे किंवा बेअरिंग जास्त आवळले आहे असे समजावे, आणि त्याचे कारण सापडेपर्यंत गाडी जॅकस्टँडवरच ठेवावी.